नेरूळमध्ये चीनच्या मुली आशिया कप जिंकल्या होत्या, त्यांच्या टीमबद्दल कोणी सांगेल का?

सीवूड्सचा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, वर्षभर झालं फुटबॉल खेळतेय, लेफ्ट बॅक. परवा प्रॅक्टिसला त्यांच्या कोच ताईंनी सांगितलं की चीनची महिला टीम नऊ वेळा आशिया कप जिंकलीय आणि नववा कप तर इथेच, डी. वाय. पाटीलला. घरी येऊन विचारते, बाबा तुम्हाला माहीत होतं का? इतकी वर्षं इथे राहतोय आणि मला पत्ताच नव्हता, खरंच वाईट वाटलं. चीन म्हटलं की मला त्यांची पुरुषांची टीम आठवते, ती २००२ ला एकदाच वर्ल्ड कपला गेली आणि एकही गोल न करता परत आली. मग बायकांची टीम एवढी भारी कशी? आणि मध्ये बरीच वर्षं काही जिंकल्या नाहीत म्हणे, ते का?

नेरूळ_पश्चिम
दादा, वाईट नका वाटून घेऊ, तो दिवसच तसा होता. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी लतादीदी गेल्या. संध्याकाळी इथे फायनल चालू होती आणि घराघरात टीव्हीवर शिवाजी पार्क. आमच्याकडेही तेच, आई टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हती, मी आतल्या खोलीत मोबाईलवर आवाज बंद करून मॅच लावली.

हाफटाइमला दक्षिण कोरिया २-० पुढे. त्यांची ही पहिलीच फायनल, आणि खेळत पण सुंदर होत्या. मला वाटलं संपलं. मग ६८ व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टी मारली आणि चारच मिनिटांनी तिच्याच क्रॉसवर झांग लिनयानचा हेडर. ही झांग एवढीशी आहे हो, बाजूच्या डिफेंडरच्या खांद्याला लागेल इतकी, आणि तिने हेडर मारला! ९० मिनिटं झाली, एक्स्ट्रा टाइम धरून बसलो होतो तर ९३ व्या मिनिटाला बदली आलेल्या शियाओ युयीने तिसरा घातला. ३-२. ओरडावंसं वाटत होतं पण बाहेर आई रडत होती.

सेमीफायनल पण बघा, बालेवाडीला झाली होती जपानशी. एक्स्ट्रा टाइममध्ये ११९ व्या मिनिटाला वांग शानशानने २-२ केलं आणि मग पेनल्टीवर ४-३.

नौपाडा_ठाणे
इतिहास मी सांगतो, थोडं लांबेल. चीन १९८६ ला पहिल्यांदा आशिया कप खेळला आणि पहिल्याच वेळी जिंकला, तिथून १९९९ पर्यंत लागोपाठ सात कप, मधे कोणालाच मिळाला नाही. कारण माझ्या मते एकच, बाकीचे देश बायकांच्या फुटबॉलला खेळच समजत नव्हते तेव्हा यांनी पोरींना पूर्ण वेळ ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली होती. महिलांचा पहिला वर्ल्ड कप १९९१ चा, तो पण चीनमध्येच झाला, ग्वांगडोंगला.

सगळ्यात मोठी टीम ९६ ते ९९ ची. अटलांटा ऑलिंपिकला सिल्व्हर, फायनलला अमेरिकेकडून २-१ हरल्या. मग ९९ चा वर्ल्ड कप. सेमीफायनलला नॉर्वेला ५-० मारलं, आणि नॉर्वे म्हणजे आधीचे चॅम्पियन! फायनल पुन्हा अमेरिकेशी, पॅसाडेनाला, ९० हजारांवर पब्लिक. १२० मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये फान युन्जिएचा हेडर गोलात चालला होता तो क्रिस्टिन लिलीने रेषेवरून डोक्याने काढला, नाहीतर तिथेच चीन वर्ल्ड चॅम्पियन. पेनल्टीत लिउ यिंगची किक अमेरिकेची गोलकीपर ब्रायना स्करीने अडवली, ५-४ ने गेली मॅच. स्करी किकच्या आधी रेषा सोडून पुढे आली होती, मला तो निकाल आजही पटत नाही. चीनच्या सून वेनला त्या स्पर्धेत गोल्डन बॉल, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मिळालं, सात गोल होते तिचे.

नंतर का घसरल्या, तर बाकीचे जागे झाले. आधी उत्तर कोरिया, मग ऑस्ट्रेलिया आशियात खेळायला लागली, मग जपान, जे २०११ ला थेट वर्ल्ड कपच जिंकले आणि त्या वर्ल्ड कपला चीन क्वालिफायसुद्धा झाला नव्हता. मधे फक्त २००६ चा एक आशिया कप. टोकियो ऑलिंपिकला तर नेदरलँड्सकडून ८-२. ते २०२१ च्या जुलैत, आणि सहा-सात महिन्यांत ह्याच पोरी नेरूळला कप उचलतात! कोच शुई छिंगश्या, जी स्वतः अटलांटाच्या सिल्व्हरवाल्या टीममध्ये होती, तिला येऊन तीन महिनेही झाले नव्हते. २०२३ वर्ल्ड कपला पुन्हा इंग्लंडने ६-१ मारलं ते वेगळं, पण नेरूळचं कोणी पुसू शकत नाही.

घणसोलीची_कोच
वरच्या दोघांनी छान लिहिलंय. एक मात्र राहिलं, चीनच्या ग्रुपमध्ये आपल्या मुली पण होत्या. इराणशी ०-० झालं, मग टीममध्ये कोविड पसरला, तैवानविरुद्ध उतरायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि आपल्याला स्पर्धेबाहेर काढलं. इराणची मॅच पण रद्द धरली. चीनशी मॅच झालीच नाही. घरच्या मैदानावर असं व्हावं, अजून डोळ्यात पाणी येतं. म्हणून २०२५ ला थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून २०२६ च्या आशिया कपला पोचल्या तेव्हा मी प्रॅक्टिस थांबवून सगळ्या मुलींना पेढे दिले. संगीता बासफोरचे दोन्ही गोल.

दादा, चीनच्या बायकांची टीम एवढी भारी कशी विचारलंत ना, तिथे पोरींना पूर्ण वेळ ट्रेनिंग मिळालं, आणि ते मिळालं नाही की काय होतं ते मी माझ्या ग्राउंडवर रोज बघते. संध्याकाळची वेळ मुलांना, मुलींना सकाळी सहा ते सात, आणि एखाद्या दिवशी तेही नाही कारण ग्राउंडवर मंडप घातलेला असतो. आमच्याकडे बारा मुली येतात, दहावी आली की चार उरतात. तुमची लेक दहावीत जाईल तेव्हा बंद करू नका एवढंच सांगते.

सीवूड्सचा_बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार. नाही बंद करणार ताई. काल रात्री जेवण झाल्यावर दोघांनी फायनलचा सेकंड हाफ लावला. झांगचा तो हेडर तिने पाच-सहा वेळा मागे घेऊन बघितला. मला वाटलं गोल आवडला असेल, तर म्हणते, बाबा गोल नाही, क्रॉस येताना कोरियाच्या डिफेंडर कुठे बघतायत ते बघा.