संत्र्याची लहान झाडं, थंडीचा पत्ता नाही, नवती (कोवळी पालवी) फुटली. काय मारू?

वावर_वरुड: राजेहो, लवकर सांगा. पौष लागला तरी रात्री चादरीवर भागून राहिलं. संत्र्याने अवेळी नवती काढली, काही झाडांवर फुलंही आहेत. कोवळी पानं गोळा होऊन राहिली. दुकानदाराने दिलेल्या औषधाच्या 2 फवारण्या झाल्या, फरक शून्य. कोणतं औषध मारू, तेवढंच सांगा.

काटोलकर: झाडं केवढी? जमीन कोणती? पाणी कसं देता?

भाऊ_मोर्शी: औषध सोडा, ताण द्या. पाणी बंद करा, जानेवारीच्या मधात ताण तोडा. आंबिया (हिवाळ्याच्या शेवटी येणारा बहार) असा फुटते का बोलू नका!

वावर_वरुड: 300 झाडं आहेत.

काटोलकर: वय विचारलं मी.

वावर_वरुड: अडीच वर्षं. काळी जमीन. ठिबक आहे, पण मधात हरभरा आहे, त्याले पाटाने पाणी देतो.

काटोलकर: मोर्शीवाले भाऊ, अडीच वर्षांच्या लेकराले उपाशी ठेवता का? ताण फळावर आलेल्या बागेचा. फुलं खुडून टाका, झाड चार वर्षांचं होईपर्यंत तरी फळ धरू नका. अन् पाटाचं पाणी खोडाले लागलं तर काळ्या जमिनीत डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आलाच म्हणून समजा. दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बुडापासून दूर राहते. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, ही बोर्डो पेस्ट खोडाले लावा.

भाऊ_मोर्शी: माह्या झाडाले तिसऱ्या वर्षी फळं होती. मेलं नाही.

काटोलकर: आता कसं आहे ते झाड?

भाऊ_मोर्शी: तो विषय वेगळा.

शेंदुरजनाची_ताई: पानांवर चांदीसारख्या वाकड्यातिकड्या रेघा आहेत, की शेंड्यावर चिकट अन् बारके किडे? रेघा म्हणजे नागअळी, चिकट म्हणजे सिला. दोघींनाही कोवळी नवतीच लागते, अन् यंदा थंडी नाही म्हणून नवती थांबतच नाही. निंबोळी अर्क 5 टक्के, संध्याकाळी. आंधळ्यासारखी तिसरी बाटली नको. त्यापेक्षा एक सांगा, फूट नेमकी कुठून आली?

आंबेवाला_अचलपूर: माह्या अंगणातल्या आंब्याचा मोहोर गळून राहिला. त्यावर काही आहे का?

वावर_वरुड: ताई, किडे आहेत. चिकट. फूट तर सगळीकडूनच आहे. काही झाडं मस्त जोमात आहेत, बुडापासून भराभर वाढली, काटेही दमदार.

शेंदुरजनाची_ताई: थांबा थांबा. काटे दमदार? डोळा बांधलेल्या (कलमाच्या) जागेच्या खालून आलेली फूट असेल तर ते संत्रं नाही, जंबेरी आहे, म्हणजे ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात तो खुंट. पान चोळून वास घ्या, लिंबाचा आला की ओळखा. तुम्ही खत-पाणी खुंटाले घालून राहिले.

भाऊ_मोर्शी: मी हेच म्हणणार होतो.

वावर_वरुड: आताच पाहून आलो. 41 झाडांवर खालून फूट आहे, लिंबाचाच वास. जोमात आहे म्हणून मीच गड्याले सांगितलं होतं, छाटू नको. 6 झाडांवर वरचं कलम वाळूनच गेलं.

शेंदुरजनाची_ताई: 35 ची खालची फूट अगदी बुडाशी कापा, जखमेवर पेस्ट लावा. डोळ्याच्या वरची ठेवा. त्या 6 च्या जागी पावसाळ्यात नवी कलमं लावा.

वावर_वरुड: तीन वर्षं मागं गेलो ना त्या 6 मध्ये. उद्या सकाळीच कात्री घेतो.

आंबेवाला_अचलपूर: आंब्याचं कोणीच नाही सांगितलं.