वळिवाचा इशारा हौशी माणसानं द्यावा का?

कंग्राळीकर

परवा गल्लीतल्या एका जाणत्या माणसानं मला तोंडावर सांगितलं, "तू काय हवामान खात्याचा माणूस न्हवंस. गावच्या ग्रुपवर पावसाचे इशारे टाकायचं बंद कर." दोन दिवस डोक्यात तेच आहे. मला वाटतं, बंद करू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

एप्रिल-मेमध्ये आमच्या शिवारात वीटभट्ट्या असतात. थापलेल्या कच्च्या विटा उन्हात ओळीनं वाळत पडलेल्या. वळीव अर्धा तास कोसळला की कडा विरघळतात आणि विटेचा परत चिखल होतो. खात्याचा यलो अलर्ट येतो तो अख्ख्या जिल्ह्याला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीचं जंगल आहे आणि अथणीचं कोरडं रानही आहे, दोघांना रंग एकच. खातं चुकतं असं मी म्हणत नाही, पण भट्टीवाल्याचा प्रश्न आपल्या शिवाराचा असतो: आज चारच्या आत झाकू काय?

दुपारी बारानंतर मी इन्सॅट उपग्रहानं काढलेली ढगांची चित्रं बघतो, मग पाऊस कुठं आहे ते टिपणारं गोव्याचं डॉप्लर रडार. ते इथून सरळ रेषेत ८० किलोमीटरवर आहे, पण मध्ये सह्याद्री आडवा असल्यानं खालचा झोत अडतो, म्हणून नुसत्या रडारवर भरवसा ठेवत नाही. गच्चीवर जाऊन डोळ्यांनी बघतो. वळिवाचा ढग आमच्याकडं बहुतेक वेळा पूर्वेकडनं, बैलहोंगलच्या अंगानं चढतो. त्याचा माथा कोबीच्या गड्ड्यासारखा टणक दिसतो तोवर तो वाढतोय. कडा पिंजलेल्या कापसागत झाल्या की वर बर्फ धरलंय, आता विजा होणार. त्याच्या पोटाखालनं गार वारा सुटला आणि मातीचा वास आला की हातात फार वेळ उरत नाही. तेवढ्यात मी लिहितो: "झाका."

शहापूरचे निवृत्त भूगोल शिक्षक

कंग्राळीकर, तुमची तळमळ दिसते. तरीही मी तुमच्या गल्लीतल्या त्या माणसाच्या बाजूचा आहे.

मोबाईलवर लोक बघतात ती अंदाज काढणारी जागतिक संगणक-मॉडेलं ९ ते १३ किलोमीटरच्या चौकोनांची, त्याहून बारीक त्यांना दिसत नाही. खात्यानं २०२५ मध्ये सुरू केलेली भारत फोरकास्ट सिस्टिमसुद्धा ६ किलोमीटरची. वळिवाचा एक ढग अशा एका चौकोनात मावतो. नकाशावर लाल डाग दिसतो तो हवेतल्या इंधनाचा, म्हणजे ढग वाढवणाऱ्या उष्णतेचा आणि ओलाव्याचा, काडी पडेलच असं नाही. वर उष्ण हवेचं झाकण बसलं तर दिवसभर तापूनही ढग वर चढत नाही. हे समजून घेणारे तुमच्यासारखे थोडे. बाकीचे लाल डागाचा फोटो काढून "उद्या गारपीट" म्हणून पुढं ढकलतात. गेल्या वर्षी असाच एक मेसेज आमच्या पै-पाहुण्यांत फिरला, त्यावर ना तारीख ना गाव. भट्टीवरच्या कामगारांचे दोन दिवस बुडाले आणि ऊन कडक पडलं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५४ वाचा. आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. तुमचा हेतू चांगला आहे, पण फॉरवर्डला हेतू चिकटून जात नाही.

जांबोटी रोडचा शेतकरी

सर, तुमचं अर्धं पटलं. आमी धूळवाफ पेरतो. मृगाच्या आधी कोरड्यात कुरी चालवायची आणि पावसाची वाट बघायची. एका हौशी माणसानं तारखेसकट लिवलेलं, मृग वेळेवर बसणार. पेरलं. पाऊस आलाच न्हाई, भात पाखरांनी वेचलं, बियाणं परत आणावं लागलं. धा-पंधरा दिवसांच्या तारखा देणाऱ्यांना खरंच बंद करा. पण ढग डोळ्यासमोर यायलाय म्हणून सांगणारा माणूस मला पायजे.

खानापूरची लेक

माझं मत साफ कंग्राळीकरांच्या बाजूनं. आमच्याकडं मोबाईलवर येणारे बरेच इशारे कन्नडमध्ये असतात. माझ्या सासूबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. रानात सात-आठ बायका असतात आणि फोन एकीकडंच. त्या फोनवर मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घालून दिलंय, आसपास वीज पडायला लागली की कळतं. नेटवर्क नसलं तर मोजायला शिकवलंय. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० आकडे झाले नाहीत, म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे. विळा तिथंच टाकायचा आणि घर गाठायचं, आंब्याखाली थांबायचं नाही. हेसुद्धा इशारा देणंच झालं की. सर, ते मी थांबवायचं काय?

शहापूरचे निवृत्त भूगोल शिक्षक

नाही ताई, तुम्ही माणसांना स्वतः मोजायला शिकवलंत, ते थांबवू नका. माझा आक्षेप एका माणसावर विसंबण्याला आहे. कंग्राळीकर, ज्या दिवशी तुम्ही लग्नाला गेलात, मेसेज आला नाही, त्या दिवशी गाव काय समजणार? आज पाऊस नाही. तुमच्या गप्प बसण्याचाही लोक अंदाज करतात. खात्यात एक माणूस रजेवर गेला तर दुसरा बसतो.

कंग्राळीकर

सर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही.

वेळ, दिशा आणि गाव घातल्याशिवाय मी आता लिहिणार नाही. तीन तासांच्या पुढचं सांगणार नाही. रंगाचे शब्द वापरणार नाही, ते खात्याचे. मार्कंडेय नदीच्या पुराबद्दल तर एक अक्षर नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत, तिथं प्रशासन सांगेल तेच. आणि चुका लपवत नाही. या मोसमात ११ वेळा "झाका" लिहिलं, ४ वेळा थेंब पडला नाही. ती वही ग्रुपवर टाकतो. पण समोर ढग दिसत असताना गप्प बसणं मला जमणार नाही.

उचगावचा भट्टीवाला

अण्णा, चार वेळा फुकट झाकलं तर माझी चार माणसांची तासाभराची मजुरी गेली. एकदा झाकलं नसतं तर आठवड्याची थापणी गेली असती. तुमी लिवा. लग्नाला जाणार असला तर सकाळीच टाका, "आज मी बघणार न्हाई." त्या दिवशी मी एक पोरगा भट्टीवर पूर्वेकडं तोंड करून बसवतो.