अघोष म्हणजे नेमकं काय? कोल्ह्यातला ल्ह आणि वेल्श ल

वेल्समधल्या लानेली गावाच्या स्पेलिंगमध्ये डबल एल दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी उच्चार अघोष ल असा आहे म्हणे. अघोष म्हणजे आवाजच नाही ना, मग ऐकू कसा येतो? की तो आपला कोल्ह्यातला ल्हच?

>> घोष म्हणजे इथे गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर, बाकी काही नाही. गळ्यावर बोट ठेवून लांब स्स्स म्हणा, काही जाणवणार नाही, मग म्म्म म्हणा, बोटाला लगेच कळतं. अघोष आणि अल्पप्राण (म्हणजे ह न मिसळलेला, जसा क) ह्यात पण लोक फार गल्लत करतात, ख महाप्राण (ह मिसळलेला) आहे तरी अघोषच आहे.
लानेलीसाठी जीभ ल ला टेकते तिथेच टेकवून ठेवा आणि गळा अजिबात न वापरता कडेने नुसती हवा सोडा, घासत जाणारा जो आवाज येतो तोच हा. कोल्ह्यातला ल्ह नक्की नाही, आपले ल्ह म्ह न्ह ऱ्ह सगळे घोष, म्हैस म्हणताना बोट ठेवून बघा. इंग्रजांनाही हा ल जमला नाही, लॉइडचं फ्लॉइड त्यातूनच झालं (मूळ वेल्श शब्दाचा अर्थ करडा).

>> ह्यात भर घालतो कारण वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, मला ह्या भाषेतलं हेच सगळ्यात आवडतं. वेल्शमध्ये पेन म्हणजे डोकं, आणि ‘त्याचं’ ‘तिचं’ दोन्हीला बोलताना एकच शब्द, ई. मग कळणार कसं? ई बेन म्हणजे त्याचं डोकं, ई फेन म्हणजे तिचं (फ फॅनमधला), सगळा फरक पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात! प चा ब होणं आपल्याला नवीन नाही, वाक् + ईश = वागीश मध्ये क चा ग होतोच की. पण ‘माझं डोकं’ म्हणताना प चा म्ह होतो आणि तो म्ह अघोष असतो, म्हणजे हवा नाकातून जाते पण गळा गप्प. वाङ्मयात आपला क अनुनासिक झाला तेव्हा घोष पण झाला, तिकडचा प अनुनासिक होऊनही अघोषच राहिला.

वा, मस्त. मग देवनागरीत लानेली लिहायचं कसं, ल्ह घालून?

>> साधा ल च लिहा. ल्ह बघितला की मराठी माणूस कोल्ह्यासारखाच वाचणार.