भावाचा पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, टक्क्यांत) ५७ आलाय, रक्तदान केलं की भागतं का? मदत हवी आहे

नमस्कार. धाकटा भाऊ, वय २८, पिंपरीत एका जिममध्ये ट्रेनर आहे. बिडी-सिगारेट नाही, दारू नाही. गणपतीतल्या मंडळाच्या शरीरसौष्ठव स्पर्धांपासून सुरुवात झाली, आता जिल्हा पातळीवर उतरतो. कोचच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन आणि डेका या स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू आहेत, स्पर्धा जवळ आली की विनस्ट्रॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या. घरात हे फक्त मला माहीत आहे. 'आधी बंद करायला सांगा' एवढंच लिहू नका प्लीज, ते सांगून घसा बसलाय.

विम्याच्या निमित्ताने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १८.९, पीसीव्ही ५७, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) १९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ९२. घरच्या मशीनवर बीपी १५०/९६. रिपोर्टखाली 'कोरिलेट क्लिनिकली' (लक्षणांशी ताडून बघा) छापलंय. ते कोणी करायचं, हे मात्र छापलेलं नाही. चेहरा कायम तांबूस, डोकं जड, रात्री घोरणं असं की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही.

कोच म्हणतो, "रक्त घट्ट होतंच. एक बाटली देऊन ये, पाणी पी, अ‍ॅस्पिरिन घे." हे खरं आहे का? आणि जायचं कोणाकडे? फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र आहेत, तिथे तो जाणारच नाही.

प्रतिसाद १

उपाशीपोटी दोन लसणाच्या पाकळ्या. रक्त पातळ होतं, माझ्या सासऱ्यांना गुण आला.

प्रतिसाद २

लसूण फोडणीत राहू द्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात.

ताई, 'रक्त पातळ करणं' हा शब्दच घोळ घालतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करतं. तुमच्या भावाकडे वाढल्यात लाल पेशी, त्यांवर त्या गोळीचा काही परिणाम नाही. उलट बीपी एवढं असताना मनाने अ‍ॅस्पिरिन घेणं म्हणजे रक्तस्रावाचा धोका.

टेस्टोस्टेरॉन दोन्हीकडून काम करतं. किडनीतून एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन) वाढतं आणि हेप्सिडिन (लोह अडवून धरणारं हार्मोन) दबतं, म्हणून लोह मोकळं होतं. हाडांतली मज्जा लाल पेशी काढतच राहते. पुरुषांचा पीसीव्ही साधारण ४० ते ५०. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन देतात तिथेही ५४ च्या वर गेला की औषध थांबवायचं, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. ५७ म्हणजे ती रेषा मागे पडली. पाणी कमी प्यायलं तरी आकडा फुगतो, म्हणून नीट पाणी पिऊन एकदा परत तपासा. पण १८.९ हिमोग्लोबिन नुसत्या पाण्याने खाली येईल असं मला वाटत नाही.

रक्तदानाचं म्हणाल तर एका बाटलीने पीसीव्ही जेमतेम तीनेक अंकांनी उतरतो. इंजेक्शन चालू असेल तर मज्जा पुन्हा भरून काढते, आणि सारखं रक्त दिलं की लोहाचा साठा रिकामा होतो. आपल्याकडे पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. शिवाय ब्लड बँकेच्या फॉर्मवर इंजेक्शनं लपवून सही करणं बरोबर नाही, ते रक्त कुणाला तरी चढणार असतं. काढायचंच ठरलं तर हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांनी सांगून.

आणि खरं सांगू, मला पीसीव्हीपेक्षा एचडीएल १९ ची जास्त धास्ती वाटते. विनस्ट्रॉलसारख्या गोळ्या एचडीएल पार खाली नेतात. बाटली देऊन ते वर येत नाही, बीपी उतरत नाही, की हृदयाची भिंत जाड झाली असेल तर ती पातळ होत नाही. २०१७ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात वेट ट्रेनिंग करणारे १४० पुरुष होते. हृदयाची पंपिंगची टक्केवारी स्टेरॉइड घेणाऱ्यांची सरासरी ५२, न घेणाऱ्यांची ६३. घेणाऱ्यांतही त्या वेळी चालू असलेल्यांची ४९, थांबवलेल्यांची ५८. हे आकडे भावाला दाखवा, ट्रेनर माणूस आहे, आकड्यांशी भांडणार नाही.

थेट फिजिशियन किंवा कार्डिओलॉजिस्ट गाठा. नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नका, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. घोरण्याचंही सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही लाल पेशी वाढतात. आणि काय काय घेतो ते सगळं सांगू दे. हल्ली जिममध्ये मेफेंटरमाइनही टोचतात, ते ऑपरेशन थिएटरमध्ये पडलेलं बीपी वर आणायचं औषध! घेत असेल तर आजच बंद.

छातीत दाब, अचानक दम, एकाच पायाला सूज, बोलताना जीभ अडखळणं, यांतलं काही झालं तर १०८ लावा.

धागाकर्ती

खूप आभार. मेफेंटरमाइनचं विचारलं, "फक्त लेग डे ला" म्हणाला. हात जोडले मी. इकोला तयार झालाय, पण स्पर्धा झाल्यावर. आणि सगळं एकदम बंद केलं तर काही होतं का?

प्रतिसाद ३

स्पर्धेची वाट बघू नका. तयारीत शेवटी पाणी तोडतात, त्यात ५७ पीसीव्हीचं रक्त आणखी घट्ट होईल. बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला काही महिने लागू शकतात. मरगळ येते, काहींना चक्क नैराश्य येतं, आणि मग पुन्हा सुई हातात घेतात. त्यासाठी एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) हवा, कोचची पीसीटी (स्टेरॉइड थांबवल्यावर मनाने घ्यायची औषधं) नव्हे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेव्हा पीसीव्हीही हळूहळूच उतरेल. महिनाभरात उतरला नाही म्हणून घाबरू नका.