लाजर पुढे परत मेलाच ना? मग त्याला उठवून काय साधलं?

परळचा पक्या
मंडळी, मी हिंदू, चर्चशी संबंध म्हणजे सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा आणि नाताळात शेजारून येणारे कुलकुल (गोड फराळाचे) एवढाच. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या कलीगचे वडील गेले, दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्सा होती म्हणून आम्ही काही जण गेलो. तिथे लाजरची गोष्ट वाचली, माणूस चार दिवस कबरीत आहे, येशू हाक मारतो आणि तो उठून बाहेर येतो. खरं सांगू का, मला जरा विचित्रच वाटलं. समोर पेटी, पुढच्या बाकावर त्या काकू रडतायत आणि तुम्ही वाचताय की कुणाचातरी मेलेला भाऊ परत आला! काकूंचा नवरा येणार नाहीये हे तिथे सगळ्यांना माहितीय ना. आणि लाजर तरी काय, पुढे कधीतरी मेलाच असेल. मग ख्रिस्ती लोक या चमत्काराचा अर्थ नक्की काय घेतात? कुणाला दुखवायचं नाहीये, कलीगला विचारायची हिंमत नाही म्हणून इथे टाकतोय.

वसईवाली आता मालाड
अरे दुखवायचं काय त्यात, आमच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात दहावीची पोरं हेच विचारतात आणि टीचरची बोलती बंद होते.

मयताच्या मिस्सेला योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) ११व्या अध्यायातले दोन वेगळे भाग चालतात. एकात लाजर बाहेर येतो, तुम्ही ऐकला तो हाच. दुसरा त्याच्या आधीच थांबतो आणि मला विचाराल तर अशा वेळी तोच जास्त लागू पडतो. त्यात लाजरची बहीण मार्था येशूला तोंडावर सुनावते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो म्हणतो तुझा भाऊ उठेल. ती म्हणते हो, माहितीय, शेवटच्या दिवशी उठेल, म्हणजे सांत्वनाला आलेले सगळे जे बोलून जातात तेच. मग तो म्हणतो पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, यावर विश्वास ठेवतेस का? ती हो म्हणते. आणि ती हो म्हणते तेव्हा भाऊ कबरीतच आहे बरं का, पुढे काय होणार हे तिला माहीत नाही. तुमच्या त्या काकू या मार्थाच्या जागी आहेत.

आणि हो, लाजर परत मेला. त्याच्या गावी, बेथानीत, त्याची एक कबर दाखवतात आणि सायप्रसमध्ये लारनाकाला दुसरी, तिथली परंपरा सांगते की तो पुढे तिकडचा बिशप झाला, ९व्या शतकाच्या शेवटी बांधलेलं त्याच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. येशूने उठवलेले बाकीचे, याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा, हे सगळे याच आयुष्यात परत आले, म्हणजे कधीतरी गेलेच असणार. येशूचं उठणं आम्ही त्यांच्या रांगेत धरत नाही. येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की तो आता पुन्हा मरत नाही. लाजर बाहेर आला तो हातपाय कापडात बांधलेला, दुसऱ्यांनी सोडवावा लागला. येशूच्या कबरीत कापडं तशीच पडून होती आणि तो नव्हता. आमची सगळी मदार त्या दुसऱ्या गोष्टीवर आहे, लाजर म्हणजे तिची आधी दाखवलेली खूण.

अजून एक, जे फादर लोकही फारसं सांगत नाहीत. लाजर उठला म्हणूनच यहुद्यांचा मुख्य याजक कैफा आणि मंडळींनी ठरवलं की याला आता मारायचाच. पुढच्या अध्यायात तर लाजरलाही मारायचा बेत होतो, कारण त्याला बघून लोक येशूकडे जायला लागले होते. म्हणजे मित्राला कबरीतून काढलं आणि त्यापायी स्वतः क्रुसावर गेला. योहानाला मला वाटतं हेच सांगायचंय.

सेंट्रल लाईन
अर्थबिर्थ नंतर, आधी हे घडलं का ते बोला. लाजरची गोष्ट फक्त योहानात आहे. एवढी मोठी बातमी बाकीची तीन शुभवर्तमानं लिहिणाऱ्या मार्क, मत्तय, लूक तिघांच्याही कानावर गेली नाही? याईराच्या मुलीबद्दल तर येशू स्वतःच म्हणतो की ती मेली नाही, झोपलीय. लूकच्याच दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत, त्रोवस गावी पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं, युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसून पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरनं खाली पडला (आमच्या सोसायटीच्या एजीएमला हे कधीही होऊ शकतं), त्याच्याबद्दलही पौल म्हणतो घाबरू नका, याच्यात जीव आहे. ईसीजी नव्हता, दफन बहुतेक त्याच दिवशी, जिवंत माणूस मेला समजून पुरला जाणं काय अशक्य आहे? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्येच लिहून ठेवलंय, साक्ष खोटी निघणं हे त्या चमत्काराहून मोठं आश्चर्य असेल तरच ती साक्ष मानायची.

भायखळ्याचा नगरी
युतुखचं मान्य, तिथे लूकने थोडी जागा सोडलीय खरी. पण लाजरचे चार दिवस योहान मुद्दाम सांगतो आणि मार्था म्हणते आता वास येत असेल, म्हणजे हा प्रश्न त्याच्या डोक्यात होताच. त्याने सिद्ध काहीच होत नाही, कबूल. पण गंमत अशी की शुभवर्तमानांतही हे बघून सगळ्यांची खात्री पटत नाही. लाजर बाहेर आला ते बघून काहींनी विश्वास ठेवला आणि काही जण सरळ परूशांकडे (येशूला विरोध करणारा यहुदी धर्मपंथ) चुगली करायला गेले! आणि लूकमध्ये येशूचा एक दाखला आहे, श्रीमंत माणूस आणि भिकारी, त्यातल्या भिकाऱ्याचंही नाव लाजरच, त्याच्या शेवटी येतं की हे लोक मोशेचं आणि संदेष्ट्यांचं ऐकत नसतील तर मेलेल्यांतून कुणी उठला तरी ऐकणार नाहीत. ह्यूमच्या बऱ्याच आधीचं आहे हे.

मी प्रोटेस्टंट, घराणं नगरकडचं मिशनवालं, मला या गोष्टींत वेगळंच काही दिसतं. परत मिळतो तो बहुतेक वेळा बायकांना. जुन्या करारातले संदेष्टे बघा, एलीया सारफथच्या विधवेचा मुलगा उठवतो, अलीशा शुनेमच्या बाईचा. नाईनच्या वेशीवर तर येशूला कुणी विनंतीसुद्धा केलेली नाही, विश्वास आहे का हेही तो विचारत नाही. एकुलता एक मुलगा गेलेली विधवा बघितली, रडू नको म्हणाला, तिरडीला हात लावला आणि मुलगा आईच्या स्वाधीन केला. एलीयाच्या गोष्टीतही हेच येतं, मुलगा आईच्या हवाली केला. त्या काळी नवरा नाही, मुलगा नाही म्हणजे त्या बाईला ना आसरा ना भाकरी. यापो गावात टबीथा नावाची बाई गेली तेव्हा विधवा येशूचा शिष्य पेत्र याच्यासमोर रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले झगे काढून दाखवायला लागल्या. मला ती जागा लाजरपेक्षा जास्त आवडते. मेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यांकडे बघणाऱ्या गोष्टी आहेत या, असं आपलं माझं मत, पास्टरना पटेलच असं नाही.

आता पक्याच्या मुद्द्याचं. बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, ११वा अध्याय, ३५वं वचन. स्त्रियांना त्यांचे मेलेले परत मिळाले असं तिथे म्हटलंय आणि त्याच वचनात पुढे, दुसऱ्यांचे हाल हाल झाले, त्यांनी सुटका नाकारली, कारण त्यांना याहून चांगलं पुनरुत्थान हवं होतं. ज्यांना मिळालं आणि ज्यांना नाही ते एकाच वाक्यात, आणि ज्यांना नाही मिळालं त्यांचा विश्वास कमी पडला असं तो लेखक कुठेही म्हणत नाही.

माऊलीचा माळकरी
नेवाशाला माऊलींनी सच्चिदानंद बाबांना उठवल्याची कथा आपल्याकडे आहेच की. बाबांच्या पत्नीने नमस्कार केला, माऊलींनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि नवरा तर तिरडीवर! तेच पुढे ज्ञानेश्वरी लिहून घेणारे झाले. मग फरक काय राहिला?

वसईवाली आता मालाड
गोष्ट म्हणून फारसा नाही, तिथेही बाईच आहे बघा. आमच्यातही संतांच्या अशा कथा ढिगाने आहेत, १६२२ मध्ये संत घोषित झालेल्या फ्रान्सिस झेवियरने मेलेले उठवले असं गोव्यात अजून सांगतात. पण एखादी कथा मी नाही मानली तर माझ्या ख्रिस्ती असण्याला धक्का लागत नाही. येशूचं पुनरुत्थान नाही मानलं तर मात्र सगळंच गेलं, पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. वारकऱ्यांचं नेवाशाच्या कथेशी तसं असतं का ते तुम्हीच सांगा, मला माहीत नाही.

सेंट्रल लाईन
आणि ते पोस्टरवाले? स्टेशनबाहेर चिकटवतात, आंधळे पाहतील, मेलेले उठतील, या रविवारी.

भायखळ्याचा नगरी
त्यांच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. नाईनला वर्गणी गोळा केल्याचं लूकने कुठे लिहिलेलं नाही.

सेंट्रल लाईन
हे आवडलं. पण ह्यूम मागे घेत नाहीये हं मी.