खाऱ्या हवेतली यंत्रं: निवृत्तीनंतर घरी काय चालतं तुमचं?

गुहागर तालुका

बँका, पतपेढ्या आणि सरकारी कचेऱ्यांतले संगणक चालू ठेवणं हेच माझं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर गावच्या घरी कायमचा राहायला आलो आणि माजघराशेजारच्या खोलीत टेबल मांडलं. सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, ब्लोअर, जुन्या एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, काढलेल्या तारा आणि पंखे. सकाळचा चहा झाला की मी तिथेच असतो.

आपल्या किनाऱ्यावर असे बरेच जण आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हा धागा. संगणक, रेडिओ, टेलिफोन अशा कामांत हयात घालवलेल्यांनी आता घरी काय मांडलंय ते लिहा. घरच्यांनीही लिहावं. मला विशेष उत्सुकता आहे ती एका गोष्टीची. ही यंत्रं कोरड्या, थंड खोलीसाठी घडवलेली असतात, आणि आपल्याकडे ती पडवीत, माळ्यावर, विहिरीच्या पंपघरात राबतात. ती टिकावीत म्हणून तुम्ही काय करता?

माझ्यापासून सुरुवात करतो. मीठ हा आपला खरा शत्रू, पण एकटं मीठ फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मिरगापासून गणपतीपर्यंत आपण बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असतो. म्हणजे बोर्डावर बसलेला मिठाचा अदृश्य थर ओला होतो, त्यातून वीज झिरपते आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात. म्हणूनच रोज वापरातला संगणक टिकतो आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलेला मरतो. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. आगोटीची तयारी करताना घरातलं प्रत्येक यंत्र रोज तासभर तरी चालू करायचं, हा माझा नियम. कॅमेरा, हार्ड डिस्क, जुने फोन यांच्या कपाटात पूर्वी झिरोचा बल्ब असायचा, आता हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे. मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही.

सध्याचं काम म्हणजे पाण्याच्या टाकीचा मापक. टाकीच्या झाकणाला आतून जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलाय. पाणी एक मीटर खाली असेल तर आवाज जाऊन परत यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, त्यावरून पातळी कळते. २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं या सेन्सरला दिसत नाही, म्हणून तो ओव्हरफ्लोच्या नळीपेक्षा तेवढा वर बसवावा लागतो. पोफळीच्या शिंपण्याला किती पाणी गेलं ते आता स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर दिसतं. विहीर आटायला लागते त्या एप्रिल-मेमध्ये या आकड्याची किंमत कळते.

मालवण

माझं घड्याळ भरतीचं आहे, त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आमचे आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासेमारी करणारे. घड्याळ न बघता भरती सांगायचे. हिशोब एवढाच, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. शेजारचे कुणी विचारायचे, "आज पाणी कधी चढतला?" आणि ते बोटांवर मोजून सांगायचे.

नोकरीत मी नेटवर्कचं काम केलं. निवृत्तीनंतर या ठोकताळ्याचा उलगडा करायला बसलो. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण २४ तास पुढे सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आजोबांच्या हिशोबात ४५. पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाचा फरक पडतो खरा, पण प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होत असल्यामुळे तो साचत नाही. तोंडी हिशोबासाठी यापेक्षा सोपी रीत मला सुचलेली नाही, आणि ज्यांनी ती बसवली त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

घड्याळ असं आहे. ईएसपी३२ हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, एक छोटी स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी) मोटर आणि जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी. काटा एकच. तो सुमारे १२ तास २५ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. वर भरती, खाली ओहोटी. चंद्राच्या या लाटेवर सूर्याची बरोब्बर १२ तासांची लाट चढवली की उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हेही दिसायला लागतात. दोन्ही लाटा जुळल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग. त्यासाठी बाजूला एक छोटी दिव्यांची पट्टी लावली आहे.

हे करताना वाचलं ते सांगावंसं वाटतं. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८७२ च्या सुमाराला भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं. प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून जाणारी एकच तार आणि टोकाला पेन. हँडल फिरवलं की तार सगळ्या लाटांची बेरीज करते आणि पेन कागदावर भरतीची रेघ काढतं. भारतातल्या बंदरांसाठी असं वेगळं यंत्र १८७९ साली लंडनमध्ये तयार झालं. वीज नाही, स्मृती नाही, तरी तो संगणकच. माझ्या बोर्डातला प्रोग्राम तीच बेरीज करतो.

एक कळकळीचं सांगणं. वारा, हवेचा दाब, खाडीचं तोंड यांनी भरती पुढे-मागे होते. हे घड्याळ भिंतीवरच ठीक. होडी घालायची असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा.

चिपळूण

मी हार्डवेअरवाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि ओसरल्यावर लोक माझ्याकडे पिशव्या घेऊन यायला लागले. आत हार्ड डिस्क. दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज. मी तेव्हा दुकान बंद करून घरी बसलो होतो, पण "काका, एवढं बघा ना" म्हटल्यावर नाही म्हणवेना. तेव्हापासून हाच माझा छंद आणि हेच काम.

जे मी सगळ्यांना सांगतो ते इथेही सांगतो. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघू नका. बहुतेक डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. आतलं हेड, म्हणजे माहिती वाचणारं टोक, तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. मातीचा कण मध्ये आला की सगळं खरवडून निघतं. घरी उघडू नका, उन्हात टाकू नका, तांदळात पुरू नका. चिखल बाहेरून पुसून पिशवीत बंद करा आणि धूळमुक्त खोली असणाऱ्यांकडे पाठवा. खर्च मोठा आहे, म्हणून आधी ठरवा की त्यात नक्की काय आहे.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाचं मात्र उलट आहे. त्यांत हलणारा भागच नसतो. डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण सुकवली की त्यांतली बरीच चालतात. मोबाईलमध्ये कार्ड होतं का, हे मी सगळ्यात आधी विचारतो. कितीतरी घरांचे फोटो तिथेच मिळाले.

आता गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून ठेवलंय की फोटोंची दुसरी प्रत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे असू द्या. एकाच नदीच्या काठावर दोन प्रती ठेवून उपयोग नाही.

कुडाळ

मी संगणक वर्गात शिकवायचे. आता जुन्या कॅसेट संगणकावर उतरवते. आमच्याकडे दशावताराच्या रात्री रेकॉर्ड करायची पद्धत होती. कुणीतरी रंगमंचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवायचं. सुरुवातीच्या संकासुरापासून शेवटच्या युद्धापर्यंत कॅसेट बदलत राहायच्या. त्या कॅसेट घरोघरी माळ्यावर आहेत आणि त्यांना बुरशी लागते आहे.

फितीच्या कडेला पांढरं दिसलं तर आधी हाताने पूर्ण गुंडाळून मोकळी करायची. तशीच वाजवली तर ती चिकटलेल्या जागी तुटते. आतला स्पंजाचा तुकडा गळलेला असतो, तो बदलायचा किंवा फीत स्क्रूच्या नव्या कव्हरात घालायची. प्रत्येक कॅसेटनंतर टेपरेकॉर्डरचं हेड (फीत वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर एकीची बुरशी दुसरीला.

पण खरी गंमत हेडशेजारच्या छोट्या स्क्रूमध्ये आहे. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो, आपल्या यंत्राचा वेगळा. झांज ऐकत तो स्क्रू किंचित फिरवायचा. एका जागी आवाजावरचं घोंगडं निघाल्यासारखं होतं आणि झांज लखलखते. हा बदल संगणकात नंतर करता येत नाही. जे फितीवरून उचललंच नाही ते पुढे कुठून आणणार?

मूळ प्रत मी वेव्ह फाईलमध्येच, म्हणजे आवाज न दाबता, ठेवते. मिनिटाला १० एमबी जागा लागते, लागू दे. खरखर काढणारी सॉफ्टवेअरं मूळ प्रतीला लावत नाही, कारण ती खरखरीबरोबर हार्मोनियमचा श्वास आणि प्रेक्षकांतला गलकाही खातात. मला तो गलका हवा असतो. एका घरी आजींनी त्यातला एक हसण्याचा आवाज ओळखला होता.

राजापूर, कातळावर

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे विजा मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात जास्त. कातळावर घर असेल तर चांगलं अर्थिंग मिळणं कठीण, जांभा वीज सहज वाहून नेत नाही. जिथे माती खोल आहे तिथपर्यंत, म्हणजे माझ्या बाबतीत कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेपर्यंत, तांब्याची पट्टी नेली आणि खड्ड्यात कोळसा-मीठ भरलं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालतो. तांब्याची टेलिफोन लाईन होती तेव्हा दर वर्षी मोडेम जायचे. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने येतेच. गडगडाट ऐकू आला की प्लग भिंतीतून काढायचा. याला दुसरा पर्याय मी शोधलेला नाही.

श्रीवर्धन

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. वीज नाही, टॉवर नाही, माडांनी रस्ते अडलेले. तेव्हापासून मी दोन गोष्टी मनावर घेतल्या.

एक म्हणजे वीजपेटी. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. राउटर, एलईडी दिवे आणि रेडिओ त्यावर थेट चालतात, इन्व्हर्टरची गरज नाही. सोबत बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, हवंच. दिवसा छपरावरचं छोटं सौर पॅनेल ती भरतं.

दुसरी गोष्ट आकाशातली. संगणकाला लावायचा यूएसबीचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर आणि अँटेना म्हणून ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन. एवढ्यावर अमेरिकेच्या नोआ या हवामान उपग्रहांची चित्रं १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास थेट घरात यायची. उपग्रह डोक्यावरून जायला दहा-पंधरा मिनिटं, सेकंदाला दोन ओळी. अरबी समुद्रावरचे ढग ओळीओळीने उमटताना नातवंडांना दाखवले आहेत. ते जुने उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, मला मनापासून वाईट वाटलं. आता रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची डिजिटल चित्रं घेतो. ती जास्त स्वच्छ असतात, पण जुन्या सिग्नलची टिकटिक कानाला समजायची. फोनवर याहून चांगली चित्रं मिळतात हे खरं. पण टॉवर पडल्यावर फोनवर काहीच मिळत नाही, हे आम्ही पाहिलंय.

दापोली

मी सून म्हणून लिहिते. आमचे मामंजी मुंबईत संगणक दुरुस्ती करायचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि ओळखीच्या लोकांनी चांगले चालणारे लॅपटॉप टाकायला काढले, कारण विंडोज ११ त्यांवर बसत नाही. मामंजी ते मागून आणतात. फुगलेली बॅटरी काढतात, रॅम खोडरबराने पुसतात, एसएसडी (वेगवान डिस्क) घालतात आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून गावच्या जिल्हा परिषद शाळेला देतात. सोबत मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येईल असा भरून. मुलांना ते इन्स्क्रिप्ट हा मराठी टंकनाचा कळफलक शिकवतात. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. हाच कळफलक पुढे हिंदी-कन्नडलाही चालतो. शनिवारी शाळा सुटली की तीन-चार पोरं आमच्या पडवीत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली असतात, आणि चहाबरोबर मला पोहेही जास्त टाकावे लागतात.

मामंजींचा एक प्रश्न आहे. पंपाच्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पेटीत मुंग्या शिरतात, संपर्कबिंदूंमध्ये चिरडतात आणि रिले लागत नाही. काय करावं?

गुहागर तालुका

दापोलीच्या मामंजींसाठी. पेटीला तारा खालून न्या, प्रत्येक तारेला केबल ग्लँड, म्हणजे तार घट्ट धरून भोक बंद करणारं बूच, लावा आणि तार पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी तारेवरून आत जात नाही. उघडा रिले असेल तर बंद आवरणाचा घ्या. उरलेल्या फटी सिलिकॉनने बुजवा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर म्हणून मागा.

आणि शाळेच्या लॅपटॉपसाठी माझ्याकडे डीडीआर३ रॅमच्या काही पट्ट्या तपासून ठेवलेल्या आहेत. दाभोळ-धोपावे फेरीने दापोलीला येणारं कुणी असेल तर कळवा, पाठवतो.