अवघड गाणं म्हणजेच चांगलं गाणं? तुमचे अनुभव लिहा

अंगणातली_जुई
काल माळा आवरताना आजीच्या जात्याचा खुंटा हाती लागला. धरायच्या जागी इतका गुळगुळीत झालाय की बोटं आपोआप तिथेच बसली, आणि पहाटेची घरघर ऐकू आली. आजीच्या ओवीत मोजून चार सूर. मी तेव्हा शास्त्रीय गाण्याच्या विशारद परीक्षेची तयारी करत होते. मियाँमल्हार रागातले दोन निषाद (कोमल आणि शुद्ध नी) जवळजवळ लावायला महिनाभर घासत होते, आणि आजीचं गाणं मला गाणंच वाटत नव्हतं. तसं तिला एकदा बोलूनही दाखवलं. ती काही म्हणाली नाही, पुढची मूठ वैरली. आजी गेली त्या रात्री मल्हार नाही आठवला, "पहिली माझी ववी" आठवली. ते बोलणं अजून सलतं. तुम्हालाही कधी असं वाटलं होतं का?

मिरजकर
आमच्याकडे तंबोऱ्याचं काम चालतं. चारच तारा, प सा सा सा, बोटं फिरवायची नाहीत, काही नाही. पण घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, काढताना अख्खी दुपार जाते. जमली की कुठल्याच तारेत नसलेला गंधार (ग) खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून उमटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, अंगावर काटा आला होता.

तिरकिट
माझं थोडं वेगळं मत. पंचम सवारी या तालाच्या 15 मात्रा अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी हिशेब न करता समेवर (पहिल्या मात्रेवर) आलो तो आनंद सोप्या झपतालाने मला कधी दिला नाही. अवघड गोष्टीचं स्वतःचं सुख असतं, त्याला नावं ठेवू नका.

अंगणातली_जुई
@तिरकिट नाही हो दादा, नावं नाही ठेवत. मल्हार मला आजही जीव की प्राण आहे.

भाजणीवाली
जातं आहे का अजून?? थालीपिठाची भाजणी जात्यावरचीच. मिक्सरमध्ये पीठ गरम होतं आणि वास जातो.

सायंप्रहर
भूप राग घ्या. सा रे ग प ध, पाचच सूर, क्लासमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून मी तो सोपा समजून सोडून दिला होता. मग किशोरीताई आमोणकरांचं भूपातलं 'सहेला रे' ऐकलं आणि रात्रभर झोप नाही. हेच पाच सूर देशकार रागात आहेत. भूपात गंधारावर (ग) विसावायचं, देशकारात धैवतावर (ध). गाताना जरा धैवतावर रेंगाळलं की भूप हातातून गेलाच. वीस वर्षं झाली, अजून माझा भूप मधूनच देशकार होतो. त्याला सोपं म्हणायचं की अवघड, मला खरंच सांगता येत नाही.

मांडावरची
गोंयची मी. आमच्या धालोत, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचात, बायका समोरासमोर दोन रांगा करून उभ्या राहतात. एक रांग म्हणते, दुसरी उचलते, तीच चाल रात्र सरेपर्यंत. चाल साधी असते म्हणूनच नवी सून पहिल्याच रात्री ओळीत उभी राहू शकते. मी तशीच उभी राहिले होते, सासूबाईंनी कमरेत हात घातला होता. तिथे कोणी तान घेतली असती तर मी मागेच राहिले असते. (कुकर झाला, पळते)

सायंप्रहर
@मांडावरची किती छान लिहिलंत ताई.

देवासचा_पाहुणा
कुमारजी (गायक कुमार गंधर्व) क्षयामुळे माळव्यातल्या देवासला अंथरुणाला खिळून होते तेव्हा माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली. पुढे त्या धुनांतूनच त्यांनी नवे राग बांधले. जुई, तुमच्या आजीच्या चार सुरांतही काय दडलंय ते गाऊन बघा. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखावर ओव्या 'पारी' या वेबसाइटवर आहेत, त्या ऐका.

अंगणातली_जुई
ऐकतेय आत्ताच. एका बाईंचा आवाज ओळीच्या शेवटी अगदी आजीसारखा खाली येतो. पुढचं ऐकवेना, थांबवलं. उद्या परत लावेन.
@भाजणीवाली जातं गावी भावाकडे आहे, पण त्याची दगडी पाळी झिजलीये.

भाजणीवाली
जात्याला टाकी लावून घे गं, छिन्नीने दगड परत खडबडीत करून. टाकीवाला भेटला की मलाही कळव, आमच्याकडे आता कोणी येत नाही.